चूक सापडल्यावर नाचणारा माणूस

आमच्या सरांच्या तोंडून निखळ ‘हो’ किंवा निखळ ‘नाही’ मी क्वचितच ऐकलं. ते टक्क्यांत बोलायचे. ‘सर, चहा घेणार?’ ‘नव्वद.’ ‘सर, ट्रस्टींची मीटिंग आज होईल का?’ ‘पस्तीस.’ ‘सर, बरं वाटत नाहीये का?’ ‘साठ टक्के नाही. पण त्यात बराच वाटा कालच्या मिसळीचा.’

मुलुंडला त्यांच्या सोसायटीच्या गेटसमोर एक शहाळेवाला बसायचा. सर त्याला विचारायचे, ‘मलाई निकलेगी?’ तो बिचारा म्हणायचा, ‘पक्का निकलेगी साब.’ ‘पक्का नहीं चलेगा. सौ में कितना?’ सुरुवातीला त्याने सरांना वेड्यात काढलं. मग हळूहळू त्यालाही नाद लागला. एकदा मी सरांबरोबर होते, तर तो लांबूनच ओरडला, ‘साब, आज मत लो! आज चालीस है!’ सरांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांचा विद्यार्थी बोर्डात आला.

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मूळ कुडाळकडचे, वडील गिरणीत, बालपण चाळीत. नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या पोरांना सरासरी आणि विचलन शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर लोक गावी घर बांधतात, सर घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात येऊन बसले. बुटके, गोल, पायात शाळेच्या पीटीचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत एका जुन्या सरबताच्या बाटलीत घरून आणलेली सोलकढी. भर मीटिंगमध्ये ते ती गुलाबी बाटली तोंडाला लावायचे. ओपीडीतल्या पेशंटना वाटायचं, बिचाऱ्यांना काहीतरी मोठं दुखणं आहे, सारखं औषध घ्यावं लागतं.

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाले होते. आमचं घर घाटकोपरलाच, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागे. बाबांचं गाव वाशीमकडे, पण मी शिकले-सवरले सगळी इथेच. नोकरीची जाहिरात बघून मुलाखतीला गेले, तर सरांनी एकच प्रश्न विचारला.

‘आईने विचारलं, कसलं काम करतेस गं, तर काय सांगशील?’

‘हॉस्पिटलमध्ये डेटाचं काम, असं सांगेन.’

‘कसला डेटा?’

मी जरा अडखळले. ‘बायकांच्या आजाराचा.’

‘कुठल्या आजाराचा?’

‘छातीच्या…’

‘नापास,’ सर म्हणाले. ‘छातीचा म्हणजे टीबी. उद्या परत ये.’

मी चरफडत घरी आले. हा काय प्रकार आहे यार, असं मैत्रिणीला फोनवर बोलले. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. सर लिफ्टपाशीच भेटले. लिफ्ट गच्च भरलेली. आत शिरताच त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, ‘हां, तर कसलं काम करणार तू?’ मी डोळे मिटले आणि त्याच आवाजात सांगून टाकलं, ‘स्तनाचा कर्करोग लवकर ओळखता येईल असं गणिताचं मॉडेल बनवायचं काम!’ लिफ्टमन छताकडे बघायला लागला. एक काका जिन्यानेच गेलो असतो तर बरं, अशा चेहऱ्याने आकसले. सर म्हणाले, ‘पास. टेबल खिडकीजवळचं घे, पंखा तिकडे चांगला लागतो.’

त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, ते बायका डॉक्टरला दाखवणार कशा? म्हणून ते तो शब्द कुठेही उच्चारायचे. कँटीनमध्ये, रिक्षात, बँकेच्या रांगेत. रिक्षावाले आरशातून माझ्याकडे बघायचे आणि मी रस्त्याकडे.

लोकांना वाटायचं, या माणसाच्या मागे काहीतरी दुःखाची गोष्ट असणार. बायको गेली असेल, नाहीतर बहीण. एका बाईंनी तर विचारलंच, ‘घरात कुणाला झाला होता का हो?’ सर म्हणाले, ‘नाही. घरात सगळे ठणठणीत. बायको रोज सकाळी माझ्या आधी उठून तलावाला चक्कर मारून येते. घरात कोणी मेल्याशिवाय चांगल्या कोड्यात रस घेऊ नये, असा काही नियम आहे का?’ बाई जरा हिरमुसल्याच.

एकदा ते आमच्या घरी आले. आई भिडस्त, शेजारच्या दोघी मावश्याही मुद्दाम येऊन बसलेल्या. चहाचा पहिला घोट घेतला आणि सरांनी सुरुवातच केली. आईला ठसका लागला. पण सर थांबले नाहीत. म्हणाले, ‘ताई, हजार आंबे हाताळलेली बाई असते ना, तिला वरून चकचकीत फळ हातात घेतलं तरी शंका येते, आतून डागी असेल म्हणून. का शंका आली, हे तिलाही सांगता येत नाही. तुमची मुलगी तेच करते. आम्ही संगणकाला जुने एक्स-रे दाखवतो. ही बाई पुढे आजारी निघाली, ही नाही निघाली, असं सांगत सांगत. मग नवीन बाईचा एक्स-रे दाखवला की तो शंका किती, ते सांगतो. नुसती शंका. निकाल डॉक्टरच देणार.’ सर निघाले तेव्हा आई दारात हळूच म्हणाली, ‘मला पण काढता येईल का तो एक्स-रे?’ इतक्या दिवसांत मी तिची मुलगी असून तिला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. तिचा एक्स-रे स्वच्छ निघाला, पण पुढच्या महिन्यात त्या दोघी मावश्यांना तीच ओढत घेऊन आली.

आता त्या दुपारबद्दल सांगते.

आमचं पहिलं मॉडेल तयार झालं तेव्हा मी हवेत होते. हॉस्पिटलकडे जुने मॅमोग्राम होते, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, आणि कुठल्या बाईला पुढे कॅन्सर निघाला तेही माहीत होतं. थोडे एक्स-रे आम्ही मॉडेलपासून लपवून ठेवले होते, त्यांच्यावर परीक्षा घेतली. मॉडेल जवळजवळ चुकेचना. मी ओरडत सरांच्या टेबलापाशी गेले. अध्यक्षांना कळलं. हॉस्पिटलच्या ट्रस्टचे ते अध्यक्ष मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी लगेच हॉल बुक केला, पाहुणे ठरवले, बॅनर छापायला टाकला. आमच्या खोलीत पेढे आले.

सरांनी पेढा घेतला नाही.

‘सर, झकास निकाल आहे!’

‘म्हणूनच. वर्गातल्या साध्या पोराला गणितात एकदम पैकीच्या पैकी पडले, तर मास्तर आधी काय बघतो?’

‘काय?’

‘कॉपी करतोय का ते.’

मला राग आला. महिनोन् महिने राबून केलेलं काम, आणि हा माणूस कॉपीच्या गोष्टी करतोय. आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरबाई, ज्या रोज ढीगभर मॅमोग्राम वाचायच्या, त्या दारातच उभ्या होत्या. त्यांचा आमच्या मॉडेलवर आधीपासून राग. ‘तुमचं मशीन आमच्या पोटावर पाय देणार,’ असं त्या तोंडावर म्हणायच्या. त्या खोचकपणे म्हणाल्या, ‘काय सर, तुमचाच तुमच्या पोरावर विश्वास नाही?’

‘वीस टक्के आहे,’ सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. ‘एक काम कर. लपवलेले सगळे एक्स-रे घे आणि त्यातला स्तन पुसून टाक.’

‘म्हणजे?’

‘काळा कर. कडा तेवढ्या राहू देत. मधे काही म्हणजे काही दिसता कामा नये. मग त्याला विचार, कॅन्सर आहे का म्हणून.’

मला वाटलं, हे खरंच गेले कामातून. पण बसले. डबा बाजूला ठेवून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी चित्रं मधून काळी केली. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. काजळी फासलेल्या पाट्यांसारखे. मॉडेल चालू केलं. डॉक्टरबाईही खुर्ची ओढून बसल्या होत्या.

आकडे यायला लागले. या काळ्या चौकोनात कॅन्सर आहे. बरोबर. याच्यात नाही. बरोबर. याच्यात आहे. बरोबर!

स्तन दिसतच नाही आणि तरी हे बरोबर सांगतंय. डॉक्टरबाई पुढे वाकून बघत होत्या. अचानक त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘हे अक्षर बघा. हे तळमजल्यावरच्या मशीनचं आहे. मला एखादीची शंका आली की मी तिला तिथेच पाठवते, परत एक्स-रे काढायला.’

म्हणजे आमचं मॉडेल आजार ओळखत नव्हतंच. कोपऱ्यातलं अक्षर बघत होतं. ज्या बाईची शंका डॉक्टरबाईंना आधीच आली, तिच्या फिल्मवर ते अक्षर. मॉडेल डॉक्टरबाईंच्या पेपरात डोकावून पास झालं होतं!

मी तोंड झाकून बसले. वाट लागली होती सगळ्याची. आणि तेवढ्यात मागून आरोळी आली.

‘चुकलंव गो! आमी चुकलंव!’

सर उभे राहून नाचत होते. खरोखर नाचत होते. एक हात कमरेवर, एक वर, दशावतारातला राजा घेतो तशी गिरकी घेतली. कॅनव्हासचे बूट फरशीवर चुर्र चुर्र वाजले. ‘बघ गो चेडवा, कसो गावलो चोर! अगदी कोपऱ्यात बसलेलो!’ सरांना फार आनंद झाला की मालवणी आपोआप बाहेर पडायची. डॉक्टरबाई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरांनी पेढा घेतला. एक नाही, दोन.

पण अध्यक्षांचा हॉल ठरला होता. कार्यक्रमाच्या दिवशी ते म्हणाले, ‘सर, बॅनर लागलेत, पाहुणे येतायत. आज नुसतं बटण दाबू, दुरुस्ती मागाहून करा. कुणाला काय कळतंय?’

‘बोलायला उभा राहीन मी,’ सर म्हणाले. अध्यक्ष खूश झाले. त्यांना वाटलं, माणूस ऐकला.

घाटकोपरच्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत पाहुणे, मागे नर्सेस, त्यांच्या मागे बाहेरून आलेल्या बायका. सरांनी पडद्यावर चार काळे चौकोन दाखवले आणि प्रमुख पाहुण्यांना विचारलं, ‘साहेब, यातल्या कुठल्या बाईला कॅन्सर आहे?’ पाहुणे हसले. ‘काही दिसत नाही हो यात.’

‘बरोबर. पण आमचं मॉडेल सांगतं. आणि अचूक सांगतं. म्हणूनच ते वापरायच्या लायकीचं नाही.’

अध्यक्षांचा चेहरा बघवत नव्हता. सर सांगत गेले, कोपऱ्यातल्या अक्षरापासून सगळं. ‘उद्या मशीन बदललं, ते अक्षर गेलं, की हे मॉडेल आजारी बाईला सांगेल, काही नाही, घरी जा. आणि आपण इथे टाळ्या वाजवत बसू. आम्हाला वेळ द्या. आता जे बनेल ते याच्यापेक्षा ढ असेल, पण प्रामाणिक असेल.’

अध्यक्ष उठायच्या बेतात होते. मला वाटलं, आता प्रोजेक्ट बंद, माझी नोकरी बंद. तेवढ्यात डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. माइक नव्हता, तशाच मोठ्यांदा बोलल्या. ‘मी या कामाच्या विरोधात होते. सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या माणसाला स्वतःची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, त्याच्याबरोबर मी काम करायला तयार आहे. उद्यापासून.’ मागच्या नर्सेसनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनीच. अध्यक्षांनाही वाजवाव्या लागल्या.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. डॉक्टरबाई आणि सर रोज भांडायचे. तिसऱ्याच्या कानाला ते भांडण वाटायचं, पण आत काम पुढे सरकत होतं. प्रत्येक मशीनवरचे आजारी आणि निरोगी, दोन्ही एक्स-रे घेतले. कोपरे कापून टाकले. डॉक्टरबाईंनी जुन्या फिल्म नव्याने वाचून कुठे काय दिसतं ते दाखवलं. नव्या मॉडेलची परीक्षा झाली. निकाल पहिल्यापेक्षा खाली आला. मी परत मधला भाग काळा करून बघितलं, तर ते पार गोंधळलं, काहीच्या बाही सांगायला लागलं. ‘आता कसं!’ सर म्हणाले. ‘आता दिसत नाही, तर दिसत नाही म्हणतंय.’

ठरलं असं की डॉक्टरबाई नेहमीसारखे एक्स-रे वाचतील. मॉडेल मागाहून बघेल. त्यांनी स्वच्छ म्हटलेल्या ज्या फिल्मवर मॉडेलला जास्त शंका येईल, ती त्या परत एकदा बघतील.

मॅमोग्रामचं मशीन बसवलेली हॉस्पिटलची एक गाडी होती. ती आम्ही खारदांड्याच्या कोळीवाड्याजवळ नेली होती. तिथल्या हिराबाईंचा एक्स-रे डॉक्टरबाईंनी स्वच्छ म्हणून बाजूला ठेवला. मॉडेलने वर काढला. डॉक्टरबाईंनी परत बघितला, भिंग लावून बघितला. म्हणाल्या, ‘मला आजही ठाम काही दिसत नाही. पण इथे जरा… पुंजका आहे का? बोलवा तिला, सोनोग्राफी करू.’

फोन केला, तर हिराबाईंनी कट केला. परत केला, परत कट. सर उठले, पिशवी घेतली. ‘चल.’

आम्ही पोचलो तेव्हा हिराबाई समुद्राकडच्या बाजूला बोंबील वाळत घालत होत्या. चाळिशीच्या, दणकट, कानात सोन्याच्या जड बुगड्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘डाक्टरीणबाईनं तवाच सांगितलं, काय नाय म्हणून. आता काय?’

‘डॉक्टरीणबाईंना दिसलं नाही,’ सर म्हणाले. ‘आमच्या मशीनला शंका आली.’

‘म्हंजे मना क्यान्सर हाय?’

‘बहुतेक नाही.’

‘मंग?’

‘तुझ्यासारखा फोटो असलेल्या शंभरजणी उभ्या केल्या, तर आठ-दहाजणींना निघेल. बाकीच्या हसत घरी जातील.’

‘मंग मी हसनाऱ्यांतली.’

‘असशील. मीपण तसंच धरून चाललोय.’

‘मंग कशाला आला येवढ्या ट्रॅफिकमदून?’

सर एका पालथ्या टपावर बसले. ‘घरची बोट आहे ना?’

‘हाय. दादला आन् पोर जातात.’

‘उद्या कुणी सांगितलं, शंभरात दहा वेळा वादळ होणार. पोराला पाठवशील?’

मला वाटलं, सरांनी बाजी मारली. पण हिराबाई तशा ऐकणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘सांगनारा कोन त्याच्यावर हाय. काय काय लोक रोजच वादळ सांगतात.’

सर टपावरून उठलेच. ‘शाब्बास! हाच प्रश्न विचारायचा! सांगणारा आधी किती वेळा चुकलाय?’ आणि त्यांनी पहिल्या मॉडेलची सगळी कथा सांगायला घेतली. काळे चौकोन, कोपऱ्यातलं अक्षर, हॉलमधली फजिती. मी त्यांची बाही ओढत होते. जिला पटवायला आलो, तिलाच आपली नालायकी सांगताय? सर थांबायला तयार नाहीत. गिरकीसुद्धा घेऊन दाखवली. लांब काम करणाऱ्या बायकाही हातातलं टाकून बघायला लागल्या.

हिराबाईंना हसू आवरेना. ‘म्हंजे तुमचा मशीन कॉपी करून पास झालता!’

‘तेच तर!’

त्यांनी हात पदराला पुसले. जरा वेळ सरांकडे बघत राहिल्या. मग त्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, ‘गुरुवारी येते. गुरुवारी गिऱ्हाईक नसतं. पन मास्तर, वाड्यात कुनाला कळता कामा नये. पोरीचा लगीन ठरलंय माज्या. आयशीला असा काय हाय म्हनून कळलं तर ती मानसं काय म्हनतील?’

‘कळणार नाही,’ सर म्हणाले. टक्का नाही, काही नाही. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

गुरुवारी त्या आल्या. सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. ‘आहे. अगदी बारीक. हाताला लागायला अजून बराच काळ गेला असता, आणि तोवर…’ त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. ‘ऑपरेशनने काम होईल.’

मी ‘येस!’ म्हणून ओरडले. आणि ओरडल्यावर मलाच कसंतरी झालं. एका बाईला कॅन्सर निघाला म्हणून मी ओरडतेय!

सर म्हणाले, ‘आनंद कर. करायलाच पाहिजे. फक्त तिच्यासमोर नको, आणि मॉडेल जिंकलं म्हणून नको. ती आली नसती तर मॉडेल काय चाटायचं होतं?’ मग सोलकढीची बाटली उघडायला गेले. लक्ष भलतीकडेच, निम्मी शर्टावर सांडली. गुलाबी शर्टानेच ते खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ‘आता ज्यांना मॉडेलने काही नाही म्हटलंय, त्यातल्या कोण नजरेतून सुटल्या ते शोधायचं. उद्यापासून.’ नाचबिच काही नाही.

हिराबाईंनी डॉक्टरबाईंना एकच विचारलं, ‘लगीन पुढं ढकलू?’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘मुळीच नाही. आधी ऑपरेशन, मग लग्न, आणि लग्नात नाचायचं.’ ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठींत काही पसरलेलं नव्हतं. लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. नवऱ्याकडच्या कुणीतरी विचारलं, हे पाहुणे कोण? हिराबाई म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक हाय आमचा. जुना गिऱ्हाईक.’ आणि सरांच्या पानात एवढं मोठं सुरमईचं काप पडलं की ताट दिसेना.

सगळं असं रुळावर आलं, आणि सरांनी सांगितलं की ते कुडाळला चाललेत. कायमचे. तिथल्या एका हॉस्पिटलने मॅमोग्रामचं मशीन घेतलं होतं.

मी भडकले. ‘सर, आत्ता कुठे इथे नीट चाललंय!’

‘म्हणून तर. आपलं मॉडेल मुंबईच्या बायकांवर शिकलं. माझ्या गावच्या बायकांवर चालेल का?’

‘तुम्हीच सांगा. किती टक्के?’

सर विचारात पडले. बोटं वळवून बघितली, डोकं खाजवलं. ‘आकडाच येत नाही गो. आयुष्यात पहिल्यांदा आकडाच येत नाही. मग जाऊन बघायला नको?’

गेले. पहिला फोन आला तो असा: ‘पडला गो, पडला! आपला मॉडेल हयसर साफ पडला!’ आवाजावरून वाटावं, लॉटरी लागलीय. मशीन वेगळं, फिल्मचा उजेड वेगळा, त्यामुळे मॉडेलला काही उमजत नव्हतं. दोन पावसाळे आम्ही फोनवर ते दुरुस्त करत होतो. मी इकडून, ते तिकडून. डॉक्टरबाई मधून मधून फोन माझ्या हातातून खेचून सरांशी भांडून घ्यायच्या. आता तिथे ते चालतं. बऱ्यापैकी चालतं, असं सर म्हणतात.

परवाच्या थंडीत आमची गाडी परत खारदांड्याला लागली. आता या कामाचं मीच बघते. सकाळी गाडीचं दार उघडलं, तर समोरच्या गल्लीतून बायकांचा घोळकाच येत होता. पुढे हिराबाई. सोबत जावा, नणंदा, शेजारणी, आणि त्यांची लग्न झालेली लेक, तिच्यामागे तिची सासू. सगळ्यांच्या डोक्यात फुलं, जणू हळदीला निघाल्यात. मला काही कळेना. हिराबाईंनी गाडीपाशी येऊन, मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘मना झालता क्यान्सर. हितंच गावला, ह्याच गाडीत. बघा, हाय का मी जिती? आता एकेक करून आत जा.’

एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी हिराबाईंचा हात धरून विचारतेय, कधी गं, आम्हाला का नाही बोललीस. कुणी रडतेय. लेकीची सासू सगळ्यांना ढकलून पुढे आली आणि म्हणाली, ‘आधी माजा नंबर लाव.’

मी गाडीच्या मागे गेले आणि कुडाळला फोन लावला.

‘कसलो आवाज तो?’ सरांनी विचारलं.

‘रांगेचा, सर. हिराबाईंनी वाडा आणलाय. सगळ्यांना त्यांनी स्वतःच सांगितलं.’

मला वाटलं, रेंज गेली.

‘सर? हॅलो? ठेवू का, नंतर करते.’

‘नको गो.’ त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. ‘ठेव नको. वायच तसोच धर. आयकतंय.’

मी गाडीच्या पायरीवर चढले आणि फोन उंच धरला. खाली नंबरावरून भांडण जुंपलं होतं. कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं, आणि हिराबाई सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत होत्या, ‘ए, लायनीत ऱ्हा गं, सगळ्यांचा व्हनार हाय!’ हात बदलून बदलून मी धरत राहिले. दोन्ही हात दुखायला लागले, तरी पलीकडून फोन काही कट झाला नाही.